सोन्याचं पाणी: देवळाच्या कळसापासून गाडीच्या लोगोपर्यंत



आपल्या बोलण्यात ‘सोन्याचं पाणी’ हा शब्द किती सहज येतो! ‘पाटल्या खऱ्या आहेत की पाणी दिलेल्या?’ असं आपण एकमेकींना लग्नाच्या मांडवात विचारतो. कोणी मुलामा म्हणतं, कोणी गिलिट म्हणतं, आणि अलीकडे तर सरळ ‘बेन्टेक्स’ म्हणून मोकळं होतं. अर्थ एकच, आत तांबं, पितळ किंवा चांदी आणि वर सोन्याचा पातळ थर. आज मला या थराचा इतिहास सांगायचा आहे. कारण आता तो थर बांगडीवरून उतरून गाडीच्या लोगोवर गेला आहे, आणि सोनाराच्या दुकानातून निघून आपल्या घराच्या गॅलरीत यायला बघतो आहे.

आमच्या धाकट्या जावेच्या मुलाने यंदा नवी गाडी घेतली. दसऱ्याच्या पूजेआधी गाडीच्या पुढच्या लोगोला, मागच्या नावाच्या अक्षरांना आणि कडेच्या पट्टीला सोन्याचं पाणी द्यायचं त्याच्या मनात आहे. तेही घरी! त्याचा संच ऑनलाइन मिळतो म्हणाला, एक द्रावणाची बाटली, एक छोटा वीजपुरवठ्याचा डबा आणि कापूस गुंडाळलेली एक कांडी. ‘काकू, तुम्ही बी.कॉम. आहात, जरा हिशोब करून द्या, किती सोनं लागेल?’ हिशोब मी करून दिला, तो पुढे सांगतेच. पण सोनं किती लागतं एवढ्यावर हा हिशोब संपत नाही. त्यासाठी मागे जावं लागतं.

पाऱ्याची भट्टी

वीज येण्याआधी धातूवर सोनं चढवायच्या मुख्य पद्धती दोन. एक म्हणजे वर्ख लावणे. सोनं ठोकून ठोकून इतकं पातळ करायचं की फुंकरीने उडेल, आणि मग ते चिकटवायचं. अजमेरला सोनीजींच्या नसियांमध्ये ज्यांनी स्वर्णनगरी पाहिली असेल त्यांना लाकडावर चढवलेल्या सोन्याची झळाळी आठवत असेल. वर्ख लाकडावर छान बसतो, पण ज्या वस्तूला रोज हात लागतो तिच्यावरून तो लवकर निघतो.

दुसरी पद्धत पाऱ्याची. सोनं पाऱ्यात विरघळवायचं, लोण्यासारखा लगदा करायचा, तो तांब्यापितळेच्या वस्तूवर माखायचा आणि वस्तू निखाऱ्यावर धरायची. पारा वाफ होऊन उडून जातो, सोनं मागे राहतं. ते इतकं घट्ट बसतं की शेकडो वर्षं टिकतं. चीनमध्ये ही पद्धत दोन हजार वर्षांहूनही जुनी आहे, रोमन लोकांना ती माहीत होती, आणि युरोपातल्या राजवाड्यांमधली सोनेरी घड्याळं, समया, झुंबरं बहुतेक अशीच झाली.

आता ‘पारा उडून जातो’ म्हणजे कुठे जातो? भट्टीपुढे बसलेल्या माणसाच्या छातीत. आधी हात थरथरायला लागायचे, मग हिरड्या सुजून दात पडायचे, तोंडातून लाळ गळायची, बुद्धी भ्रमायची. पॅरिसच्या मुलामा देणाऱ्या कारागिरांची ही अवस्था सगळ्या शहराला माहीत होती. रशियात सेंट पीटर्सबर्गच्या सेंट आयझॅक कॅथेड्रलचे घुमट एकोणिसाव्या शतकात याच पद्धतीने सोनेरी केले. त्या कामात साठ कारागीर पाऱ्याच्या विषाने गेले असं सांगतात. घुमट आजही चमकतो.

यात एका माणसाचं नाव मला फार मोलाचं वाटतं. आंत्वान-आंद्रे राव्रिओ. हा पॅरिसचा मोठा कारखानदार, नेपोलियनच्या काळात श्रीमंतांच्या घरी त्याच्या सोनेरी वस्तू जात. म्हणजे या धंद्यातूनच त्याने पैसा मिळवला. १८१४ मध्ये तो वारला तेव्हा मृत्युपत्रात त्याने ३,००० फ्रँक बाजूला ठेवले होते. कशासाठी? जो कोणी मुलामा देणाऱ्या कारागिरांना पाऱ्यापासून वाचवायचा उपाय शोधेल त्याच्यासाठी बक्षीस म्हणून! आपल्या खतावणीत ज्या खर्चाची नोंद कधी झालीच नाही, तो खर्च या माणसाने मरताना का होईना, पण मांडला.

१८१८ मध्ये ते बक्षीस दार्से नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला मिळालं. त्याचा उपाय ऐकून आपल्याला हसू येईल, इतका तो आपल्या स्वयंपाकघरातला आहे. त्याने भट्टीवर धुराडं बसवलं आणि शेजारी एक लहान शेगडी पेटवली. तिच्या उष्णतेने धुराड्यात हवेची ओढ तयार व्हायची आणि पाऱ्याची वाफ कारागिराच्या तोंडाकडे न येता वर खेचली जायची. आज आपण गॅसवर चिमणी बसवतो, त्याच जातीचं हे काम. वाफ बाहेर गेली तरी शहराच्या हवेतच गेली, हे खरं. पण भट्टीपुढचा माणूस वाचू लागला.

वीज आली

१८०० मध्ये इटलीत व्होल्टाने विजेचा पहिला घट बनवला. पाचच वर्षांनी, १८०५ मध्ये, त्याच्या मित्राने, पाविया शहरातल्या प्राध्यापक ब्रुन्यातेल्लीने त्या विजेवर चांदीच्या दोन मोठ्या पदकांना सोनं चढवून दाखवलं. ना भट्टी, ना पारा. पण पुढची पस्तीस वर्षं या शोधाचा धंद्यात फारसा उपयोग कोणी केला नाही.

कामाचं तत्त्व सोपं आहे. सोन्याचा क्षार विरघळवलेल्या पाण्यात वस्तू टांगायची. ती विजेच्या ऋण टोकाला जोडायची, धन टोक दुसऱ्या बाजूला. वीज सोडली की पाण्यातले सोन्याचे कण वस्तूकडे ओढले जातात आणि तिच्यावर बसतात. फॅरेडेने १८३३-३४ मध्ये याचा पक्का नियमच सांगितला, जितकी वीज तितका धातू. आपण त्याला रोजमेळ म्हणू या, जमा आणि नावे तंतोतंत जुळतं. नेहमीच्या सायनाइडच्या द्रावणात एक अँपिअर वीज तासभर सोडली आणि काही वाया गेलं नाही, तर सात ग्रॅमच्या थोडं वर सोनं बसतं.

अडचण एवढीच होती की सोनं सहज विरघळत नाही, आणि विरघळलं तरी वस्तूवर नीट, घट्ट बसत नाही. यावर तोडगा काढला इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या जॉन राइट नावाच्या शल्यवैद्याने. शेले या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या जुन्या लिखाणात त्याला धागा सापडला. सोनं पोटॅशियम सायनाइडच्या पाण्यात छान विरघळतं, आणि त्या पाण्यातून थर एकसारखा, चकचकीत बसतो. त्याच शहरातल्या जॉर्ज आणि हेन्री एल्किंग्टन या चुलतभावांनी त्याची कृती घेऊन १८४० मध्ये पेटंट मिळवलं आणि मोठा धंदा उभा केला. विम्बल्डनमध्ये महिला एकेरीच्या विजेतीला जे मोठं नक्षीदार तबक देतात ना, ते याच एल्किंग्टन कंपनीने १८६४ मध्ये बनवलेलं आहे. चांदीचं आहे आणि काही भागांवर सोन्याचं पाणी आहे. टीव्हीवर दरवर्षी आपण ते पाहतो.

१८४२ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीने या नव्या पद्धतीवर काम करणाऱ्यांचा सन्मान केला. कशाबद्दल, तर आरोग्याला घातक असलेला धंदा कमी घातक केल्याबद्दल. राव्रिओची इच्छा एका अर्थाने पुरी झाली. पाऱ्याची भट्टी हळूहळू मागे पडली.

पण पाहा, पारा गेला आणि सायनाइड आलं. सायनाइड म्हणजे काय हे मी सांगायला नको. फरक एवढाच की पारा काम करताना उडतोच, त्याला इलाज नाही. सायनाइड मात्र नीट, आम्लापासून दूर, खेळत्या हवेत हाताळलं तर माणूस सुरक्षित राहू शकतो. म्हणजे नशिबावरचा भार शिस्तीवर आला. कारखान्यात ही शिस्त पाळता येते. घरात येते का, हा पुढचा प्रश्न.

गाडीला सोनं

सुरुवातीच्या मोटारींचे दिवे, भोंगे पितळेचे असत आणि ते रोज घासावे लागत. मग निकेल आलं. १९२०च्या दशकाच्या अखेरीस क्रोम आलं आणि घासण्याचं काम संपलं. गाडीचा चकचकीत भाग म्हणजे क्रोम, हे डोक्यात पक्कं बसलं. त्यामुळे इतरांहून वेगळं दिसायचं तर क्रोमच्या जागी सोनं, ही कल्पना ओघाने आली.

त्यातली सगळ्यात गाजलेली बाई म्हणजे लेडी नोरा डॉकर. तिचे यजमान सर बर्नार्ड डॉकर हे डेमलर गाड्या बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख. १९५१ मध्ये लंडनच्या मोटार प्रदर्शनात त्यांनी तिच्यासाठी बनवलेली डेमलर गाडी मांडली. काळ्या रंगावर सोन्याचे सुमारे सात हजार छोटे तारे, आणि जिथे जिथे क्रोम असायचं तिथे सोन्याचा मुलामा. युद्ध संपून सहाच वर्षं झाली होती, इंग्लंडमध्ये अजून साखर-लोण्याचं रेशनिंग चालू होतं. एवढं सोनं का, याचं बाईंनी दिलेलं उत्तर प्रसिद्ध आहे. क्रोमचा तुटवडा आहे ना, म्हणून!

चार वर्षांनी, १९५५ मध्ये, त्यांनी आणखी एक गाडी काढली. तिचं नाव गोल्डन झेब्रा. वर सोन्याचा मुलामा, आतला डॅशबोर्ड हस्तिदंताचा आणि बसायच्या गाद्या झेब्र्याच्या कातड्याच्या. हे वाचताना माझ्या तर अंगावर काटा आला. सोन्याची झळाळी बाहेरून दिसते, पण कुणाचं कातडं गेलं ते गाडीचं दार उघडल्यावर कळतं. १९५६ मध्ये कंपनीच्या संचालकांनी सर बर्नार्डना पदावरून दूर केलं. पैसा कंपनीचा आणि थाट घरचा, असा आरोप त्यांच्यावर होता. कॉमर्सच्या कोणाही विद्यार्थिनीने हा धडा वाचावा असा आहे.

अमेरिकेत गायक एल्विस प्रेस्लीची १९६० सालची कॅडिलॅक आजही नॅशव्हिलच्या संग्रहालयात उभी आहे. तिच्यात टीव्ही आणि रेकॉर्ड प्लेअरसुद्धा सोन्याचा मुलामा दिलेले आहेत. १९८० मध्ये अमेरिकन एक्सप्रेसने आपल्या नाताळच्या कॅटलॉगमध्ये सोन्याच्या मुलाम्याची डेलोरियन गाडी ठेवली, किंमत ८५,००० डॉलर. शंभर गाड्या विकायचा बेत होता. विकल्या गेल्या दोन! त्यातली एक कितीतरी वर्षं टेक्सासमधल्या एका बँकेत शोभेला ठेवली होती. आपल्याकडेही मुंबईत २०११ मध्ये टाटांच्या कंपनीने नॅनो गाडी दागिन्यासारखी मढवली होती. तिला २२ कॅरेटचं ८० किलो सोनं आणि १५ किलो चांदी लागली. ती मुलाम्याची नव्हती, खऱ्या सोन्याची होती, आणि रस्त्यावर चालवायला नव्हे तर पाहायला होती.

अख्खी गाडी मढवणं परवडत नाही, पण लोगोपुरतं परवडतं, हे अमेरिकेतल्या गाडी विक्रेत्यांच्या लवकरच लक्षात आलं. १९८० आणि ९०च्या दशकात तिथे नव्या गाडीबरोबर ‘गोल्ड पॅकेज’ विकायची टूम निघाली. लोगो, नावाची अक्षरं, जाळीची कड सोनेरी करून द्यायची. त्यासाठी वस्तू द्रावणात बुडवावी लागत नव्हती. कापूस गुंडाळलेल्या कांडीला वीज जोडायची, ती द्रावणात भिजवायची आणि रंगाच्या कुंचल्यासारखी लोगोवर फिरवायची. आमच्या पुतण्याने दाखवलेला संच म्हणजे या कांडीचंच घरगुती रूप.

आपल्याकडची गोष्ट

आपल्या पिढीला मुलाम्याची ओळख एका वेगळ्याच कारणाने झाली. १९६२च्या चीन युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. नवे दागिने १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्ध करायचे नाहीत असा नियम झाला. कितीतरी सोनारांचे हात रिकामे झाले, काहींनी जीव दिला. कॅरेटची अट १९६६ मध्ये सैल झाली, पण १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा आला आणि तो थेट १९९० मध्ये रद्द झाला. माझी आई त्या दिवसांचं सांगायची, ‘चौदा कॅरेटचं सोनं घालण्यापेक्षा चांदीवर पाणी दिलेलं बरं, निदान आपण काय घातलंय ते आपल्याला ठाऊक असतं.’ चांदीचा साज करून त्याला सोन्याचं पाणी द्यायची आमच्या घरची रीत तेव्हाची.

आईचं ते वाक्य मला या सगळ्या इतिहासात उपयोगी पडतं. मुलामा म्हणजे फसवणूक नव्हे. लोकांना खरं सोनं म्हणून विकलं तर फसवणूक. आपल्याला ठाऊक असेल आणि समोरच्याला खरं सांगितलं तर ती साधी हौस आहे, काटकसरीची हौस. गाडीच्या लोगोलाही तेच लागू. त्यात मला काही वावगं वाटत नाही.

आता हिशोब

पुतण्याला दिलेला हिशोब असा. त्याच्या गाडीवरचा लोगो, अक्षरं आणि पट्टी मिळून साधारण १०० चौरस सेंटिमीटर जागा धरली. थर एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस याच्या पन्नास-साठ पट तरी जाड असतो. सोन्याचं वजन एका घन सेंटिमीटरला १९.३ ग्रॅम. गुणाकार केला तर सोनं आलं ०.१९ ग्रॅम. पाव मायक्रॉनचा थर दिला, तर पाच शतांश ग्रॅमच्या आतच. नाकातल्या मोरणीतही याहून जास्त सोनं असतं. म्हणजे सोन्याचा खर्च नगण्य.

मग बाकीचा खर्च कशाचा? गाडीचा लोगो बहुतेक वेळा क्रोम दिलेल्या प्लास्टिकचा किंवा जस्ताच्या मिश्रधातूचा असतो. क्रोमवर हवेने एक अदृश्य थर बसतो, त्यावर सोनं धरत नाही. म्हणून आधी तेल-मेण काढा, मग आम्लाने तो थर मोडा किंवा क्रोमच काढून टाका, मग निकेलचा थर द्या, आणि शेवटी सोनं. निकेल मध्ये नसेल आणि खाली तांबं असेल, तर ते तांबं हळूहळू सोन्यातून वर येतं आणि झळाळी काळवंडते. प्रत्येक पायरीनंतर वस्तू धुवायची. चार पायऱ्या म्हणजे चार वेळा पाणी, आणि त्या पाण्यात क्रोमियम, निकेल, आम्ल, आणि संच सायनाइडचा असेल तर सायनाइड.

हे पाणी जाणार कुठे? मोरीत. मोरीतून गटारात आणि गटारातून नदीत. आपण घरात पाणी गाळून घेणाऱ्या बायका. पाण्यात जीव आहे, आणि पाणी स्वतःच जीव आहे, हे लहानपणापासून ऐकत आलो. ०.१९ ग्रॅम सोन्यासाठी किती जीवांवर काय ओतलं, हा आकडा संचाच्या खोक्यावर छापलेला नसतो.

आणि एक गोष्ट फक्त गृहिणीच्याच लक्षात येईल. पितळेची भांडी आपण चिंचेने, लिंबाने घासतो. त्याच मोरीत सायनाइडचं द्रावण सांडलेलं असेल आणि त्यावर आम्ल पडलं, तर त्यातून विषारी वायू निघतो. कारखान्यात सायनाइड आणि आम्ल यांच्या टाक्या मुद्दाम लांब ठेवतात, वाफ खेचणारे पंखे असतात, धुतलेलं पाणी वेगळ्या टाकीत जमवून त्यावर प्रक्रिया करणं बंधनकारक असतं. आपल्या घरात चिंचेचा गोळा आणि ती मोरी यांच्यात हातभराचं अंतर असतं.

सायनाइड नसलेली द्रावणंही मिळतात, सल्फाइटवर चालणारी. ती बरीच कमी घातक आहेत. पण निकेल आणि आम्ल त्यांच्याबरोबरही आहेतच, आणि धुतलेलं पाणी उरतंच. म्हणून मी पुतण्याला तीन गोष्टी सांगितल्या. लोगो काढून मुलामा देणाऱ्या परवानाधारक कारखान्यात दे. देताना दोन प्रश्न विचार, थर किती मायक्रॉनचा आणि धुतलेलं पाणी कुठे जातं? दुसऱ्या प्रश्नाला जो सरळ उत्तर देईल त्याच्याकडेच काम टाक, चार पैसे जास्त घेतले तरी चालेल. आणि ज्याला घरीच हौस भागवायची असेल त्याने सोनेरी रंगाची चिकटपट्टी लावावी. ती दोन वर्षांत निघेल, आणि खरं सांगायचं तर रोज गाडी पुसून पुसून पाव मायक्रॉनचं सोनंही तितकंच टिकेल.

तो म्हणाला, ‘काकू, एवढं कोण विचारतं?’ मी त्याला राव्रिओची गोष्ट सांगितली. दोनशे वर्षांपूर्वी एका कारखानदाराने विचारलं, म्हणून धुराडं आलं. कारागिरांच्या मरणाबद्दल बोललं जाऊ लागलं, म्हणून विजेच्या पद्धतीची किंमत लोकांना कळली. सोन्याचा थर पातळ होत गेला ही या इतिहासातली छोटी गोष्ट. मोठी गोष्ट ही, की कोणीतरी पुन्हा पुन्हा विचारलं, हे चमकवताना कोणाचं काय जातंय? घरच्या गॅलरीत बसून विनाचिमणी, विनाटाकी ते काम करायचं म्हणजे दार्सेच्या आधीच्या भट्टीपुढे जाऊन बसणं. फक्त या वेळी भट्टीपुढे आपलीच मुलं असतील.

पुतण्याने संच अजून मागवलेला नाही. आमच्या भागातल्या दोन कारखान्यांत त्याने फोन केला. एकाने पाण्याच्या प्रश्नावर फोन ठेवून दिला. दुसऱ्याने ‘येऊन टाकी बघून जा’ म्हटलं. रविवारी आम्ही दोघं बघायला जाणार आहोत.

जय जिनेंद्र.